मिटलेल्या डोळ्यांची प्रत

माझी मुलगी युद्धावरून परत आली तेव्हा तिच्याजवळ दोन पिशव्या होत्या. एकीत कपडे, दुसरीत कॅमेरे. कपड्यांची पिशवी तिने त्याच दिवशी रिकामी केली. दुसरी तिच्या खोलीत दाराआड दीड महिना तशीच होती. केर काढताना माझी पत्नी ती उचलून बाजूला ठेवी आणि पुन्हा जागेवर आणी.

मुलगी वृत्तछायाचित्रकार आहे. ज्या देशात ती आठ महिने होती त्याचे नाव मी येथे लिहीत नाही. लिहू नका, असे तिने सांगितले आहे. मी स्वतः फोटोग्राफर. आधी लातुरात आणि मग नांदेडात स्टुडिओ चालवला, अजूनही चालवतो. कॅमेरा तिने प्रथम माझ्याच दुकानात हाती घेतला. ती युद्धावर जाते याचा मला अभिमान वाटे की धास्ती, हे मी कधी ठरवले नाही. कोणी विचारले तर ‘कामाला गेली आहे’ असे सांगत असे.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात ती सकाळी उठून घरातली भांडी पाण्याने भरू लागली. आम्ही लातुरात संसार केलेली माणसे. पाणी साठवण्याचे आम्हाला नवल नाही. माझी पत्नी निवृत्त शिक्षिका आहे आणि कौतुक करण्यात फार घाई करीत नाही, पण तीही म्हणाली, “पस्तिशीला का होईना, शहाणपण आलं.” पुढे हंडा आणि पातेली संपली. मुलीने तांबे भरले, पेले भरले, मग वाट्या. एके दिवशी औषधाच्या बाटलीचे मापाचे टोपणही काठोकाठ भरलेले सापडले.

“बाई, मला आमटी वाढायला एखादी वाटी ठेवत जा,” पत्नी म्हणाली.

“ठेवते ना आई.”

दुसऱ्या दिवशी एक वाटी रिकामी होती. दुपारपर्यंत तीही भरली गेली.

ती एका जागी बसत नसे. जेवताना दोनदा उठून दार पाहून येई. चालत स्टेशनपर्यंत जाई, परत येई, आणि पायातले न काढता पुन्हा निघे. शेजारी कोणी विचारले, “कुठं निघालीस?” तर सांगे, “येऊन राहिले.” तिच्या आईने शाळेत शेकडो मुले हाताळली होती, त्यामुळे तिने प्रश्न विचारणे सोडून दिले. मला मात्र एकच उपाय ठाऊक होता. माणसाला काम द्यावे. हात गुंतला की मन जागेवर येते, असे मी आयुष्यभर मानत आलो होतो. म्हणून मी तिला स्टुडिओत बोलावले.

येथे माझ्या धंद्यातील एक रीत सांगणे भाग आहे. आमच्या भागात अनेक माणसे फोटो न काढताच मरत. मग घरचे लोक फोटोवाल्याला बोलावून प्रेताचा फोटो काढून घेत. तेराव्याला भिंतीवर लावण्याची तसबीर त्यावरूनच करावी लागे. मिटल्या डोळ्यांचा माणूस भिंतीवर कोणालाच नको असतो. म्हणून आम्ही त्याचे डोळे उघडायचो. धंद्यात त्याला ‘डोळे उघडणे’ असेच म्हणतात. पूर्वी हे काम ब्रशने होई, किंवा दुसऱ्या फोटोतले डोळे कापून, चिकटवून, त्याचा पुन्हा फोटो घ्यावा लागे. आता संगणकावर होते. माझ्या गुरूंचा एक दंडक होता. डोळे रक्ताच्या नातलगाचे घ्यावेत. मुलाचे, भावाचे, बहिणीचे. मग घरच्यांना परके वाटत नाही.

त्या दिवशी बिलोलीकडचा एक गृहस्थ आला होता. वडिलांचा शेवटचा फोटो त्याच्या मोबाइलात होता. डोळे उघडून द्या, म्हणाला. त्याचा स्वतःचा फोटो मी काढून घेतला आणि दोन्ही मुलीच्या हवाली केले. मुलाचे डोळे बापाला लावायचे. तिला दहा मिनिटांचे काम.

मी बाहेरच्या काउंटरवर बसलो. अर्धा तास झाला तरी ती आली नाही. आत जाऊन पाहिले तर काम केव्हाच झाले होते. पडद्यावर म्हातारा डोळे उघडून बसला होता. तिने एक कळ दाबली, डोळे मिटले. पुन्हा दाबली, उघडले. पुन्हा मिटले. तिचे बोट थांबत नव्हते. मी मागे उभा आहे हे तिला कळले नव्हते.

“झालं आहे ते,” मी म्हणालो.

“हो,” ती म्हणाली, आणि पुन्हा कळ दाबली.

मी संगणक बंद केला. जतन न केलेले काम गेले. ते मी नंतर स्वतः पुन्हा केले. माझी पहिली चूक झाली होती, इतके मला उमगले.

तेव्हा तिने खिशातून मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. परक्या लिपीतला एक संदेश होता आणि खाली यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर. त्या देशातल्या एका आईचा. तिचा मुलगा बेकरीत कामाला होता आणि तिथेच मारला गेला. घर जळाले, घरातले सगळे फोटो जळाले, मुलाचा मोबाइलही गेला. त्या दिवशी तुम्ही त्याचा फोटो काढला असे लोक सांगतात, तो मला पाठवा, एवढेच तिचे मागणे होते. पहिला संदेश मुलगी तिथून निघाली त्याच्या आदल्या दिवशीचा होता. त्यानंतर दर आठ-दहा दिवसांनी तोच मजकूर. एकूण सहा.

“फोटो आहे?” मी विचारले.

“आहे.”

“कसा आहे?”

तिने मोबाइल परत खिशात ठेवला.

“छापला होता?”

“नाही. ऑफिसनं नको म्हटलं.”

“मग नाही म्हणून कळव,” मी म्हणालो. “कार्ड खराब झालं म्हणावं. त्या बाईला बघवणार नाही.”

मुलीने माझ्याकडे पाहिले. आल्यापासून तिने कोणाकडे इतका वेळ पाहिले नव्हते.

“अण्णा, तुम्ही असं कोणाला कळवलं आहे कधी?”

मी हो म्हणालो. शटर ओढून आम्ही घरी आलो.

भूकंप झाला तेव्हा आम्ही लातुरात होतो. मुलगी तीन वर्षांची होती. पोलिसांनी गावातल्या स्टुडिओवाल्यांना पंचनाम्याच्या फोटोंसाठी किल्लारीकडे नेले. पाऊस लागलेला होता. एकेका प्रेताजवळ आकड्याची पाटी ठेवायची आणि फोटो घ्यायचा, असे काम होते. चेहरे चिखलाने भरलेले असत. ओळख पटली पाहिजे म्हणून मी माझ्या बाटलीतले पाणी आणि पंचा वापरून ते पुसून घेत असे. किती पुसले ते मोजले नाही. चौथ्या दिवशी लातूरला परतलो आणि दुसऱ्या दिवशी एका लग्नाची ऑर्डर केली. काम थांबवले नाही, याचा मला पुढे कित्येक वर्षे अभिमान होता.

महिन्याभराने एक माणूस पाटीच्या आकड्याची चिठ्ठी घेऊन स्टुडिओत आला. भूकंपाच्या वेळी तो हैदराबादला गवंड्याच्या हाताखाली होता. तिसऱ्या दिवशी पोचला तोवर त्याच्या बायकोला सामुदायिक चितेत अग्नी दिला गेला होता. घर सपाट झाले होते, एकही फोटो उरला नव्हता. आठ दिवसांनी या, असे मी त्याला सांगितले.

मला डोळे उघडायचे होते. नातलग कोणी हाताशी नव्हते. वाचले होते ते, तिचा तान्हा मुलगा धरून, कुठल्या छावणीत होते, देव जाणे. शेजारी काचेच्या कपाटात माझ्या पत्नीचा नमुन्याचा फोटो लावलेला होता. चेहऱ्याचा कोन तोच, उजेड तोच. मी त्या फोटोतले डोळे कापले.

आठ दिवसांनी तो माणूस आला. तसबीर हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला. म्हणाला, “हिचे डोळे घारे होते, साहेब.” फोटो कृष्णधवल असला तरी घारे आणि काळे त्यात लपत नाहीत. मग त्याने विचारले, “पहिला फोटू हाय का? मिटलेला?” मी म्हणालो, खराब झाला. निगेटिव्ह माझ्यामागच्याच खणात होती.

दोन वर्षांनी आम्ही नांदेडला आलो. पत्नीची बदली झाली असे मी सर्वांना सांगितले. बदली तिने मागून घेतली होती, कारण मी तिच्यामागे लागलो होतो. नांदेडला मी छताखाली झोपणे सोडले. अंगणात खाट टाकू लागलो. उकडते म्हणून, असे सांगत असे. थंडीच्या दिवसांत सांगण्यासारखे कारण नव्हते, आणि कोणी विचारलेही नाही.

मुलीने विचारले त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नांदेडच्या स्टुडिओतला जुन्या निगेटिव्हांचा खण उघडला. लातुरातून आणलेली निगेटिव्ह पाकिटात होती, पाकिटावर आकडा आणि गाव. मी तिची प्रत काढली. मुलीला एवढेच सांगितले की किल्लारीला एक फोटो पोचवायचा राहून गेला आहे, सोबत चल.

सकाळच्या एसटीने निघालो. तिने संकटकालीन दाराजवळची जागा घेतली. लोह्याला बस थांबली तेव्हा उतरली, अहमदपूरला उतरली, चाकूरलाही. दर वेळी गाडी सुरू होईपर्यंत बाहेर फिरत राही. कंडक्टर म्हणाला, “ताई, तिकीट लातूरचं आहे नं? का चालतच येऊन राहिल्या?” ती चढली. हसली नाही, पण पुढे लातूरपर्यंत बसून राहिली. लातुरात गोलाईच्या बाजारपेठेजवळून जाताना मी तिला आमची जुनी जागा दाखवली. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. तिने मान हलवली. पुढे जीपने किल्लारी गाठली.

भूकंपानंतर वसवलेले नवे गाव सरळ गल्ल्यांचे आहे. घरे सारखी, मध्ये अंतर. हॉटेलवाल्याला विचारले, भूकंपाच्या वेळी हैदराबादला असलेला गवंडी कोण? त्याने विचार न करता घर दाखवले. तो माणूस ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसला होता. माझ्याच वयाचा. मुलगा आणि सून शेतात गेली होती.

“कोण म्हणावं?”

“लातूरचा फोटोवाला.”

त्याने शेंगांची पाटी बाजूला केली. “गोलाईतला?”

“हो.”

“लई म्हातारे झालात की.”

“तुम्हीसुद्धा.”

“म्या तवाच झालतो,” तो म्हणाला. “बसा. पोरगी का? बाई, आत माठ हाय, पानी घे. म्हाताऱ्याला पन दे.”

मुलगी आत गेली. पाणी घेऊन लवकर आली नाही. मग आतूनच तिचा आवाज आला.

“अण्णा, हे आईचे डोळे आहेत.”

मी आत गेलो. भिंतीवर तसबीर होती, सुकलेला हार घातलेली. तीस वर्षांत कागद पिवळा पडला होता, पण डोळे ताजे होते. वर्गात मागच्या बाकावर कोणी बोलले की पत्नी जशी पाही, तसेच ते पाहत होते.

“कुणाचे?” तो माणूस दारात येऊन उभा होता.

मला सांगावे लागले. सगळे उभ्यानेच सांगितले. त्याने तसबिरीकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“तरीच. मी म्हनायचो, ही बाई जितेपनी कधी डोळे वटारून बगितली न्हाई, आन् आता काय झालं? मास्तरीण हाय का तुमची?”

“होती. आता निवृत्त.”

“आमची गरीब होती वो,” तो म्हणाला.

मी पाकीट पुढे केले. त्याने घेतले नाही. आधी बाहेर जाऊन हात धुतले, धोतराला पुसले, ओट्यावर बसला आणि मग घेतले. प्रत बाहेर काढून उजेडाकडे धरली. आम्ही दोघे समोर उभे होतो. गल्लीतून एक मोटारसायकल गेली, तिच्या आवाजाबरोबर मुलगी दोन पावले भिंतीकडे सरकली.

“तोंड धुतलेलं हाय,” तो म्हणाला.

“हो.”

“कुनी धुतलं?”

“मी.”

“पानी?”

“माझ्या बाटलीतलं होतं.”

तो प्रत पाहत राहिला. “मला सांगितलं होतं, वरून दगड आला. तसबिरीतलं तोंड तुमीच घडिवलं, खरं राहिलंच न्हाई असं धरून चाललो मी. रोज येगळं दिसायचं. कधी निम्मं, कधी कायबी न्हाई.” त्याने अंगठा कागदाच्या कडेवरून फिरवला. “हे तर झोपल्यावानी हाय.”

मग त्याचा आवाज बदलला. “तवा का न्हाई दिला?”

“तुम्हाला सोसणार नाही असं वाटलं.”

“मला का तुमाला?”

मुलगी माझ्याकडे पाहत होती. मी चहा नको म्हणालो, त्याने ऐकले नाही. चूल नव्हती, गॅस होता. त्याने स्वतः चहा केला आणि साखर जास्त घातली. निघताना मी म्हणालो, भिंतीवरची तसबीर उतरवून देतो, हवी तर हीच मोठी करून पाठवतो.

“राहू द्या ती,” तो म्हणाला. “सुनेला तीच सासू म्हाईत हाय.” नवी प्रत त्याने पाकिटात घातली आणि खाटेवरच्या उशीखाली सरकवली.

लातूरच्या बसस्थानकावर नांदेडच्या गाडीला वेळ होता. मुलगी माझ्या शेजारी बाकावर बसली. ती दोनदा उठली, दोनदा बसली.

“मी नाही धुतलं,” ती म्हणाली.

“काय?”

“त्याचं तोंड. माझ्याजवळ पाणी होतं अण्णा, दोन बाटल्या. दोन्ही भरलेल्या. उजेड जाऊन राहिला होता, गाडीवाला हॉर्न देत होता. मी चार मिनिटं होते. सगळी फ्रेम बघण्यातच गेली. फ्रेम चांगली आहे. वाकडी नाही कुठं.”

मला घरातल्या वाट्या आठवल्या. बोलण्यासारखे जे होते ते मला स्वतःलाही कोणी सांगितले नव्हते. गाडी लागली, आम्ही चढलो. या वेळी ती मधल्या थांब्यांवर उतरली नाही. हाताची बोटे मात्र नांदेडपर्यंत गुडघ्यावर चालू होती.

घरी मी पत्नीला तिच्या डोळ्यांची हकीकत सांगितली. तिने चष्मा काढून पुसला.

“म्हणजे तीस वर्षं मी किल्लारीत हार घालून घेत होते, आणि मला पत्ता नाही?”

“हो.”

“निदान न्यायचं तरी एकदा. माझ्याच श्राद्धाला मी नाही.” मग हळू आवाजात म्हणाली, “तुम्ही अंगणात का झोपता, ते मला माहीत होतं. कापलेला फोटो मीच कचऱ्यातून उचलला होता. डोळ्यांच्या जागी भोकं होती. म्हटलं, सांगाल कधीतरी.”

दुसऱ्या दिवशी मुलीने त्या आईला लिहिले. आधी फोटो पाठवला नाही. लिहिले की फोटो आहे, त्याचा चेहरा धुतलेला नाही, धूळ आणि रक्त आहे, तसा पाहायचा आहे का? उत्तर तासाभरात आले. पाठवा. तिने पाठवला. त्यात काही पुसले नाही, काही उजळले नाही. मला तिने तो दाखवला नाही आणि मीही मागितला नाही.

तीन दिवस काही आले नाही. चौथ्या दिवशी ती स्टुडिओत आली. मी त्या बिलोलीकरांच्या तसबिरीला काच बसवत होतो. तिने मोबाइल समोर ठेवला. एकच ओळ होती. तुम्ही त्याच्याजवळ किती वेळ होता?

“काय लिहू?” तिने विचारले.

“होतीस तेवढा.”

“चार मिनिटं कमी वाटतील तिला.”

“कमीच आहेत.”

तिने उभ्याउभ्याच लिहिले. चार मिनिटे. माझ्याजवळ पाणी होते, ही ओळही तिने घातली. पाठवण्याआधी थांबली, ती काढली, पुन्हा घातली, आणि पाठवली.

त्यानंतर त्या आईकडून संदेश आलेला नाही. मुलगी दिवसातून किती वेळा पाहते ते मला ठाऊक आहे, कारण मीही तिच्याकडे पाहत असतो. ऑफिसने तिला पुन्हा कधी निघणार म्हणून विचारले आहे. तिने मुदत मागितली आहे. कॅमेऱ्यांची पिशवी उघडली गेली. भिंगांना बुरशी धरू नये म्हणून ती त्यांना उन्हात ठेवते आणि परत भरते. फोटो काढत नाही.

डोळे उघडायला कोणी आले की मी आता विचारतो, मिटलेल्याचीही एक प्रत देऊ का? बहुतेक जण नको म्हणतात. काही जण जाताना परत फिरतात आणि द्या म्हणतात. ती मी वेगळ्या पाकिटात घालून देतो.

स्टेशनच्या फेऱ्या चालू आहेत. पातेली आणि तांबे अजून रोज भरले जातात. परवा दुपारी पत्नीने आमटी वाढायला मांडणीवरची वाटी उचलली. ती कोरडी होती. पत्नीने शेजारची उचलून पाहिली. तीही कोरडी होती. तिने माझ्याकडे पाहिले आणि तिघांना वाढले.